लायब्ररीत नसलेली वादनशैली स्वतः तयार करा 🎻

फुकट किंवा स्वस्त ऑर्केस्ट्रा सॅम्पल लायब्ररीत बहुधा लाँग, स्टकाटो, पिझिकाटो आणि ट्रेमोलो एवढंच मिळतं. पण एवढ्या भांडवलावरही बरंच काही उभं करता येतं.

🔹 स्फोर्झांडो: एकाच स्वरावर स्टकाटो आणि लाँग एकत्र वाजवा. सुरुवातीचा आघात स्टकाटो देतो. लाँगचा सीसी 1 (मॉड व्हील) लगेच खाली आणा, मग हवा तर पुन्हा चढवा.

🔹 सोर्डिनो: खऱ्या व्हायोलिनवर म्यूट घोडीवर बसतो. घोडीचं वजन वाढतं आणि वरचे स्वरांश दबतात. म्हणून ईक्यूने वरच्या फ्रिक्वेन्सी हळुवार उतरवा. नुसता आवाज कमी करून हा रंग येत नाही.

🔹 ट्रिल: लेगाटो पॅच असेल तर दोन स्वर किंचित एकमेकांवर चढवून आलटूनपालटून वाजवा. वेग आणि व्हेलॉसिटी थोडी कमीजास्त ठेवा. अगदी समान ठेवलंत तर यंत्र वाजतंय हे लगेच कळतं.

🔹 बासरीचं फ्लटर-टंग: लाँग स्वराच्या आवाजावर एलएफओ लावा, सेकंदाला 20 ते 30 कंपनं. एलएफओची खोली (डेप्थ) मध्यम ठेवा.

दोन थर जोडताना दोन्हींचा रिव्हर्ब आणि माइकची जागा एकच ठेवा, नाहीतर वादक वेगवेगळ्या खोल्यांत बसल्यासारखे वाटतात.

सगळ्यात महत्त्वाचं: आधी खऱ्या वादकांचं रेकॉर्डिंग लक्षपूर्वक ऐका. गज, श्वास आणि जीभ नेमकं काय करतात हे समजलं की कोणता कंट्रोलर हलवायचा ते आपोआप सुचतं.

तुम्ही कोणती वादनशैली अशी घडवली आहे? पद्धत कॉमेंटमध्ये नक्की लिहा, सगळ्यांच्या कामी येईल.