यंत्र शिकतं कुणाकडून?

वैद्यक आणि संगणक : लेखांक ६

एक्स-रे आणि सीटी स्कॅन वाचणाऱ्या संगणकांची ओळख मागच्या आठवड्यात करून घेतली. तिथे चित्र एका जागी थांबलेलं असतं. आयसीयूत तशी सोय नाही. रुग्णाची अवस्था तासातासाला बदलते आणि ती बदलण्यात डॉक्टरांच्या उपचारांचाही हात असतो. या दुसऱ्या गोष्टीमुळे इथलं संशोधन फार अवघड झालं आहे.

सेप्सिसचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. संसर्गाशी लढताना शरीराची स्वतःचीच यंत्रणा बिघडते आणि एकेक अवयव मान टाकू लागतो. रात्रीचे दोन वाजलेत. मॉनिटरवर बीपी ८२/४८. लघवीच्या पिशवीत तासाभरात जेमतेम १५ मिलि जमा झाली आहे. रक्तातलं लॅक्टेट चारच्या वर गेलंय. सिस्टर विचारतात, "डॉक्टर, अजून एक सलाइन लावू, की नोरअ‍ॅड वाढवू?" सलाइन जास्त झालं तर पाणी फुप्फुसांत साठतं. नोरअ‍ॅड हे बीपीचं औषध वाढवलं तर रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी वर येतं, पण आतड्यांचा, बोटांचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. अनुभवी डॉक्टरांचंही इथे एकमत होत नाही, आणि उत्तर तर काही मिनिटांत द्यायचं असतं.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या मॅथ्यू कोमोरोव्स्की, अल्डो फैजल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न संगणकाला घातला. त्यांचं काम 'नेचर मेडिसिन'मध्ये २०१८ साली छापून आलं. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयातल्या आयसीयूच्या नोंदी, नाव-गाव काढून टाकून, 'मिमिक' या संग्रहात संशोधकांसाठी खुल्या आहेत. त्यातल्या सेप्सिसच्या रुग्णांवर संगणकाला शिकवलं. पाठ्यपुस्तकातले नियम त्याला दिलेच नाहीत. दर चार तासांनी रुग्ण कसा होता, सलाइन आणि बीपीचं औषध किती दिलं, आणि नव्वद दिवसांनी तो जिवंत होता का, एवढंच दाखवलं. जगला तर गुण मिळणार, दगावला तर कापले जाणार. हजारो रुग्णांच्या नोंदी पुन्हा पुन्हा पालथ्या घालून संगणकानं स्वतःचं धोरण बसवलं: डॉक्टरांनी दिलं त्यापेक्षा सलाइन थोडं कमी आणि बीपीचं औषध थोडं जास्त. ज्या रुग्णांवर झालेले उपचार संगणकाच्या सल्ल्याशी जुळत होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी निघालं.

हे वाचून हुरूप येतो, पण हे सगळं जुन्या नोंदींवर झालं होतं. संगणकाच्या सल्ल्यानं एकाही रुग्णाला औषध दिलेलं नव्हतं. शिवाय औषधाचा मोठा डोस मुळात अत्यवस्थ रुग्णालाच दिला जातो. सल्ला जुळला म्हणून रुग्ण वाचला, की रुग्ण मुळातच कमी आजारी होता म्हणून सल्ला जुळला, हे जुन्या नोंदींवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी या मुद्द्यांवर बोट ठेवलं.

ही अडचण जुनी आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कुणाला घरी पाठवता येईल हे ठरवायला संगणक शिकवले जात होते. त्यात एक भलताच नियम निघाला: न्यूमोनियाच्या रुग्णाला दमा असेल तर त्याच्या जिवाला धोका कमी. कोणताही डॉक्टर याच्या नेमकं उलट सांगेल. पण नोंदी खोट्या नव्हत्या. दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की तिथले डॉक्टर त्याला थेट आयसीयूत हलवत. तिथल्या काटेकोर देखभालीमुळे असे रुग्ण जास्त वाचत. संगणकाला वाचलेले रुग्ण दिसले, डॉक्टरांची धावपळ दिसली नाही. त्याच्या सल्ल्यावरून या रुग्णांना घरी धाडलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको. संशोधक रिच कारुआना यांनी २०१५ च्या निबंधात ही हकिकत मांडली आहे. हे प्रकरण या विषयातल्या प्रत्येकानं वाचावं असं मला मनापासून वाटतं.

प्रत्यक्ष वापरात आलेल्या प्रणालींचा अनुभवही संमिश्र आहे. एपिक कंपनीची सेप्सिसचा इशारा देणारी प्रणाली अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत बसवली गेली होती. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे तपासली आणि २०२१ साली निष्कर्ष जाहीर केले. सेप्सिस झालेल्या २,५५२ पैकी १,७०९ रुग्ण तिच्या नजरेतून सुटले होते. उलट दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के जणांबाबत तिनं इशारा दिला होता. दिवसभर वाजणाऱ्या अशा इशाऱ्यांकडे माणूस हळूहळू दुर्लक्ष करायला लागतो, आणि आयसीयूत आवाजांची आधीच कमतरता नसते.

याउलट जॉन्स हॉपकिन्सच्या सुची सारिया यांच्या गटानं पाच रुग्णालयांत वापरलेल्या प्रणालीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. इशारा मिळाल्यावर तीन तासांच्या आत डॉक्टरांनी रुग्णाकडे पाहून तो मान्य केला, तिथे मृत्यू कमी झाले होते. मला यातला तीन तासांचा भाग महत्त्वाचा वाटतो. इशाऱ्यानंतर खाटेपाशी कोण आलं, किती लवकर आलं आणि काय केलं, याची इथे मोजदाद झाली. अर्थात, जिथे डॉक्टर लगेच धावून येतात तिथली एकूण देखभालच चांगली असण्याची शक्यता उरते. संशोधकांनी गणितानं ती बाजूला काढायचा प्रयत्न केला, तरी चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडलेले नव्हते.

नव्या औषधाकडून आपण ही कसोटी हक्कानं मागतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वर्षानुवर्षं वापरलं होतं. तरीही नुसतं प्राझोसिन आणि त्याच्या जोडीला प्रतिविष, यांची तुलना त्यांनी ७० रुग्णांचे दोन गट पाडून केली. ती २०११ साली 'बीएमजे'मध्ये प्रसिद्ध झाली. सल्ला देणाऱ्या संगणकाला यातून सूट देण्याचं कारण मला दिसत नाही.

आपल्याकडे अशा कसोटीची गरज तर जास्तच आहे. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या आयसीयूत लेप्टो, डेंग्यू, मलेरियाचे रुग्ण असतात. ग्रामीण भागात सर्पदंश आणि कीटकनाशकाची विषबाधा. बॉस्टनच्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राची अशा रुग्णांशी गाठ क्वचितच पडलेली असते. आपल्या रुग्णांच्या नोंदी अनेक ठिकाणी खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या कागदी चार्टवर, सिस्टरांच्या अक्षरात असतात आणि रुग्ण घरी गेला की गठ्ठ्यात जातात. त्या नीट जपून, रुग्णाची ओळख झाकून, संशोधनासाठी खुल्या करण्याचं काम रुग्णालयांना आजही हाती घेता येईल. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, माणसं आणि चिकाटी लागते.

पुढच्या आठवड्यात बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरविषयी. अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन घटलेला असूनही हे यंत्र तो ठीक दाखवत असल्याचं आढळलं, आणि श्वेतवर्णीयांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा. मुळात आकडाच चुकीचा आला तर पुढच्या सगळ्या हिशेबाचं काय होतं, ते पाहू.