सात वाजताचा भोंगा

रमजानमध्ये भाटघर-भोर परिसरातल्या मुस्लिम घरांत संध्याकाळी सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. मगरीबची अजान झाली की खजूर खाऊन रोजा सुटतो. मग इशाच्या नमाजपर्यंत तास-सव्वा तास मोकळा मिळतो. मोठी माणसे दिवसभराची दमलेली, मुले हाताला लागेल त्या मोबाइलवर. शेजारच्या हिंदू घरातही दिवेलागणीनंतर दुसरे काय चालते? एका खोलीत मालिका, दुसऱ्या खोलीत रील्स.

नेमक्या याच वेळेवर सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने बोट ठेवले. कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. कोरोनाकाळात शाळा मोबाइलवर भरली, पुढे वर्ग उघडले तरी मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला तेव्हा पुरुषांनी तो हसण्यावारी नेला. मग बायकांची सभा बोलावली गेली. मालिकांमध्ये आपलाही वेळ जातो, हे बायकांनी मान्य केले आणि निर्णय झाला. 15 ऑगस्ट 2022 पासून गावातल्या मंदिरावरचा भोंगा रोज संध्याकाळी सातला वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बंद. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघरी फिरून समजावत होत्या. (भोंगा म्हटले की हल्ली वादच आठवतो. हा भोंगा मुलांच्या अभ्यासासाठी आहे. आणि कडेगाव म्हणजे हिंदू-मुस्लिम मिळून मोहरमचे उंच ताबूत उचलणारे गाव, हेही जाता जाता.)

वडगावचे शहाणपण कशात, तर बंदी एकट्या मुलांवर नव्हती. बापाने मोबाइल बघत पोराला पुस्तक घेऊन बस म्हणायचे, हे कुठल्याच घरात चालत नाही.

पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा स्क्रीनवरचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत असावा, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. झोपण्याआधी तर स्क्रीन नकोच. तिच्या प्रकाशाने झोप लांबते. रमजानमध्ये हे जास्त जाणवते. तरावीहवरून घरचे परत येईपर्यंत मूल मोबाइलवर जागे असते, पहाटे सहरीच्या गडबडीत पुन्हा उठते आणि तिसरीच्या वर्गात पेंगते. दोष मात्र रोजाला दिला जातो, जो त्या मुलाने धरलेलाही नसतो.

लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. त्यांना कोणी एकदम तीस रोजे धरायला लावत नाही. पहिल्यांदा दुपारपर्यंत, मग एखादा जुम्म्याचा, आणि पहिला पूर्ण रोजा झाला की हार घालून, गोड करून कौतुक होते. सवय कशी लावायची, हे आपल्या आई-आजींना कोणी शिकवावे लागलेले नाही. मोबाइलच्या बाबतीत मात्र आपण एकदम हिसकावून घेतो, नाहीतर जेवताना शांत बसावे म्हणून स्वतःच हातात देतो.

इफ्तारनंतर घरातले सगळे फोन, आईबापांचे धरून, कपाटात ठेवले तर पहिले दोन दिवस मुले कुरकुर करतील. तिसऱ्या दिवशी दस्तरखान उचलायला, शेजारी फळांची ताटली पोचवायला त्यांना सांगता येईल. शाळेचा गृहपाठ आहेच. आणि एकोणतिसाव्या संध्याकाळी, चांद दिसल्याचा मेसेज येण्याआधी, त्यांना येसाजी कंक जलाशयाच्या काठावर न्यावे. पश्चिमेला कुठे बघायचे, ते आजोबा दाखवतील.