दारापर्यंतची तार

घरात टेलिफोन आला तो तारेवरून. खरे म्हणजे तारांच्या जोडीवरून. तांब्याच्या दोन बारीक तारा एकमेकींना पीळ देऊन एक्सचेंजपासून खांबांवरून किंवा जमिनीखालून दारापर्यंत आणावयाच्या, ही रीत शंभराहून अधिक वर्षे जगभर चालत आली. आता तिच्या जागी काचेचा तंतू, म्हणजे आपण ज्याला फायबर म्हणतो तो, येत आहे. तांबे जाऊन काच आली, यात एवढे मोठे काय, असे तुम्हांला वाटेल. पण अमेरिकेत या बदलाने टेलिफोनच्या आणि इंटरनेटच्या धंद्यात कोणी टिकावे आणि कोणी नाही, यावर मोठा परिणाम केला. तो कसा, ते पाहू.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. काच तांब्यापेक्षा सरस आहे. तांब्याच्या तारेतून विजेचे संदेश जातात आणि अंतर वाढले की ते क्षीण होतात. एक्सचेंजपासून पाचसहा किलोमीटरवर घर असले, तर त्या तारेवरून जलद इंटरनेट मिळणे कठीणच. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो. तो कितीतरी लांब पोहोचतो आणि तांब्याच्या हजारो पट मजकूर वाहून नेतो. तांबे ओले झाले की खरखर सुरू होते. काचेला ते भय फारसे नाही. तेव्हा तांबे जाणार, यात आश्चर्य नाही. प्रश्न वेगळाच आहे. नदीवर एकच पूल असावा, त्यावरून सर्वांच्या गाड्या जाव्यात, असा कायदा असावा; आणि पुढे पुलाच्या मालकाने शेजारी नवा, रुंद पूल बांधून म्हणावे, की या पुलावरून फक्त माझ्याच गाड्या जातील, आणि जुना पूल मी आता पाडतो. असे झाले तर इतर गाडीवाल्यांनी काय करावे?

अमेरिकेत जवळजवळ हेच घडले. तेथे बहुतेक सारा टेलिफोन ए. टी. अँड टी. या एकाच कंपनीच्या हातात होता. १ जानेवारी १९८४ रोजी ती मक्तेदारी मोडण्यात आली आणि गावोगावच्या तारा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेल्या. पण त्यामुळे घराघरांतील ग्राहकाची सुटका झाली असे नाही. एका मोठ्या मालकाच्या जागी सात आले, एवढेच. आपल्या गावात तार एकच आणि तिचा मालकही एकच!

मग दुसऱ्या कोणी आपली तार का घालू नये? कारण सोपे आहे. रस्ते खणून, खांब उभारून दाराशी तार न्यावयास अफाट पैसा लागतो, आणि शंभर घरांपुढून तार नेली तरी त्यांतली दहा-वीसच गिऱ्हाइके होतात. जुन्या कंपनीची तार मात्र मक्तेदारीच्या काळात, ग्राहकांनी भरलेल्या दरांतून, केव्हाच घातली गेलेली होती.

म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकेने नवा दूरसंचार कायदा केला. जुन्या कंपन्यांनी आपली दारापर्यंतची तार प्रतिस्पर्ध्यांना खर्चावर आधारलेल्या भाड्याने द्यावी, असे बंधन त्यात घातले. नव्या कंपनीने एक्सचेंजमध्ये आपले यंत्र बसवायचे, तार भाड्याने घ्यायची आणि त्याच तांब्यावरून ग्राहकाला इंटरनेट द्यायचे. याला डी. एस. एल. म्हणत. कोव्हॅड, नॉर्थपॉइंट, रिदम्स अशा कंपन्या यातूनच पुढे आल्या. कर्जाचा बोजा आणि शेअरबाजाराची घसरण यांमुळे २००१ मध्ये या तिघींनीही दिवाळे जाहीर केले हे खरे; पण कोव्हॅड त्यातून सावरली आणि इतर लहान कंपन्याही भाड्याच्या तारांवर धंदा करीत राहिल्या. मार्ग अवघड होता, तरी मोकळा होता.

आता मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणत, आम्ही फायबरवर अब्जावधी डॉलर ओतायचे, आणि उद्या प्रतिस्पर्ध्याने स्वस्त भाड्यात त्यावरून आमचीच गिऱ्हाइके पळवायची? मग आम्ही फायबर घालावेच का? शिवाय केबल टेलिव्हिजनच्या कंपन्यांवर असले बंधन नव्हते. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. तेथील दूरसंचार आयोगाने २००३ मध्ये तो बव्हंशी मान्य केला. घरापर्यंतचे नवे फायबर भाड्याने देण्याची सक्ती उरली नाही. तांब्याच्या जागी फायबर घातले, तर कंपनीने एकतर तांबे जोडलेले ठेवावे, किंवा प्रतिस्पर्ध्याला फायबरवर बोलण्यापुरती अरुंद वाट द्यावी; सेकंदाला ६४ हजार बिट्स एवढीच! त्या वाटेवरून आवाज जाईल. जलद इंटरनेट जाणार नाही.

याचा अर्थ लक्षात आला ना? तांब्यावरचा कायदा तसाच राहिला, पण तांबेच निघून चालले.

व्हेरायझन कंपनीने २००४ मध्ये टेक्सासमधील केलर गावापासून घरोघर फायबर घालावयास आरंभ केला. नवी जोडणी देताना कंपनीची माणसे दारापर्यंतची तांब्याची तार काढून टाकतात, अशा तक्रारी २००७ मध्ये वर्तमानपत्रांतून आल्या. ज्याच्या घरची तार गेली, त्याला दुसरी कंपनी तांब्यावरून सेवा कशी देणार? फायबर घेणाऱ्याला आपण परतीची वाट बंद करीत आहोत, याची अनेकदा कल्पनाही नसे.

आणखी एक फरक होता. तांब्याच्या तारेला वीज एक्सचेंजमधूनच मिळते, म्हणून घरातले दिवे गेले तरी साधा टेलिफोन चालू राहतो. काच वीज वाहून नेत नाही. तेथे घरात बॅटरी ठेवावी लागते, आणि बॅटरी संपली की फोन बंद. तांबे काढण्यापूर्वी घरगुती ग्राहकाला सूचना द्यावी, असा नियम आयोगाने २०१५ मध्ये केला, आणि २०१७ मध्ये तो काढूनही टाकला.

परिणाम काय झाला? पुष्कळ ठिकाणी ग्राहकापुढे दोनच दुकाने उरली, एक टेलिफोन कंपनीचे आणि दुसरे केबल कंपनीचे. दोन दुकाने एका दुकानापेक्षा बरी, हे खरे. पण दोघांनाही भाव पाडण्याची घाई नसते, हे बाजारात भाजी घेणाऱ्या कोणालाही सांगावयास नको.

मग काचेचा हा स्वभावच आहे काय? मुळीच नाही. जपानने एन. टी. टी. कंपनीला २००१ पासून तांब्याप्रमाणे फायबरही भाड्याने देण्यास लावले, आणि तरीही त्या देशात फायबर झपाट्याने पसरले. स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्टोकाब नावाची आपलीच कंपनी काढली. ती फायबर घालते आणि सर्व कंपन्यांना सारख्याच अटींवर भाड्याने देते. ग्राहकाला इंटरनेट विकण्याच्या धंद्यात ती पडतच नाही. आपल्याकडेही २००४ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतरांना खुल्या कराव्यात अशी शिफारस केली होती. पण त्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात सरकारने तशी सक्ती केली नाही.

तेव्हा वाट खुली राहील की बंद, हे तांबे ठरवीत नाही आणि काचही ठरवीत नाही. ते माणसांनी केलेले नियम ठरवितात. उद्या तुमच्या दाराशी कोणी नवी तार घेऊन आला, तर ती किती वेगवान आहे हे जरूर विचारा. पण तिच्यावरून आणखी कोणाला येता येईल, आणि जुनी तार काढल्यावर आपल्याला परत फिरता येईल का, हेही विचारा. वेगाचा आकडा तो आपण होऊन सांगेलच; ही दोन उत्तरे मात्र मागून घ्यावी लागतात.