धुराची दिशा, वणव्याचा पत्ता

ऑगस्ट १९१०मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो, मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. वनखातं तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. वणवा लहान असतानाच गाठायचा, हा धडा त्याने घेतला आणि पुढच्या तीन दशकांत डोंगरमाथ्यांवर लाकडी टेहळणी मनोरे उभे राहिले. १९३३ ते १९४२ या काळात त्यांतले बरेच सरकारी रोजगार योजनेतल्या बेकार तरुणांनी बांधले.

‘एल-४’ हा त्यांतला गाजलेला नमुना. चौदा फूट लांब, तेवढीच रुंद खोली आणि चारही बाजूंना खिडक्या. कापून तयार केलेलं सामान खेचरांवर लादून वर न्यायचं. खिडक्यांवरच्या फळ्या उन्हाळ्यात वर उचलून टेकवल्या की सावली मिळे. हिवाळ्यात त्या पाडून खोली बंद करत.

एवढा खटाटोप खोलीच्या मध्यभागी ठेवलेल्या एका उपकरणासाठी. विल्यम ऑस्बोर्न या वनाधिकाऱ्याने १९११मध्ये ते घडवलं. तबकडीवर गोल नकाशा, नकाशाच्या केंद्रस्थानी तो मनोरा आणि भोवती अंशांच्या खुणा. त्यावर फिरणाऱ्या कड्याला समोरासमोर दोन उभ्या पट्ट्या: एकीत बारीक फट, दुसरीत ताणून बसवलेला घोड्याचा केस. फटीतून पाहत कडं फिरवायचं आणि केस धुराच्या बुडाशी जुळला की अंश वाचायचा. वाऱ्याने धुराचा वरचा भाग भरकटतो, म्हणून बूडच धरायचं. नकाशाची उत्तर आधी नीट जुळवलेली हवी, कारण एका अंशाची चूक वीस किलोमीटरवर साडेतीनशे मीटरची होते.

तरी एका मनोऱ्यावरून दिशाच कळते, अंतराचा फक्त अंदाज येतो. म्हणून टेहळ्या टेलिफोनवरून अंश कळवी. खालच्या कचेरीतल्या मोठ्या नकाशावर प्रत्येक मनोऱ्यापाशी दोरा असे. दोन मनोऱ्यांचे दोरे आपापल्या अंशावर ताणले की ते एकमेकांना छेदतील तिथे आग.

बरेच वणवे विजेने लागत आणि तीच वीज शिखरावरच्या माणसालाही गाठू शके. त्यामुळे छपरावर वीजवाहक तारा असत आणि वादळात टेहळ्या पायांना काच बसवलेल्या स्टुलावर उभा राही.

दुसऱ्या महायुद्धानंतर टेहळणीचं काम हळूहळू विमानांकडे गेलं आणि बरेच मनोरे ओस पडले. कॅलिफोर्नियात आता डोंगरमाथ्यांवर कॅमेरे लावले आहेत. त्यांना धूर दिसला तरी आगीची जागा नक्की करायला दोन ठिकाणच्या रेषा जुळवाव्याच लागतात.