झेब्रा मासा आणि आपला मणका

शोभेच्या माशांच्या दुकानात जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा एक चपळ मासा तुम्ही पाहिला असेल. डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या निळ्या पट्ट्यांमुळे त्याला झेब्रा मासा म्हणतात. हा परदेशी पाहुणा नव्हे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील ओढ्यांत आणि भातखाचरांत तो राहतो. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली केले.

एवढ्याशा माशाचे शास्त्रज्ञांना एवढे महत्त्व का? कारण त्याचा गर्भ मातेच्या शरीराबाहेर वाढतो आणि जवळजवळ पारदर्शक असतो. पारदर्शक म्हणजे काय, हे समजण्यासाठी कागदावर तेलाचा थेंब टाका. कोरड्या कागदातील तंतू आणि हवा यांच्या अपवर्तनांकांत बराच फरक असतो. त्यामुळे प्रकाश जागोजागी वळतो व विखुरतो. तेल हवेची जागा घेते. त्याचा अपवर्तनांक तंतूंच्या अपवर्तनांकाच्या जवळचा असल्याने प्रकाश पलीकडे जातो. या गर्भातही प्रकाश फारसा विखुरत नाही, आणि सुरुवातीला रंगद्रव्यही नसते. म्हणून फलनानंतर सुमारे एका दिवसाने त्याचे हृदय धडधडू लागते, तेव्हा ते सूक्ष्मदर्शकाखाली चक्क दिसते!

अमेरिकेतील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या १९८१ सालच्या शोधनिबंधानंतर हा मासा प्रयोगशाळांत रुळला. त्याच्या हृदयातील रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा पाचवा भाग कापला, तरी तो दोन महिन्यांत भरून येतो, हे २००२ साली दिसून आले. आपल्या हृदयाला हे साधत नाही.

आपल्या मणक्यांमधील मऊ चकत्यांचेही तसेच. वयाबरोबर त्या झिजतात, आणि अनेकांची कंबरदुखी तेथूनच सुरू होते. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यासाठी झेब्रा माशाचा मणका अभ्यासला. 'सीसीएन-२ए' या प्रथिनामुळे वयस्क माशाच्या झिजलेल्या चकतीत नव्या पेशी वाढतात आणि असलेल्या पेशी तगून राहतात, असा निष्कर्ष त्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केला.

माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांशी जुळणारी जनुके या माशात आहेत, म्हणून आशेला जागा आहे. परंतु पाण्याने तोललेला माशाचा कणा आणि दिवसभर शरीराचा भार वाहणारा आपला कणा यांत फरक आहे. माशात घडले ते माणसातही घडते का, हे स्वतंत्रपणे तपासावेच लागते.

शाळेत काचपेटी असेल, तर तळाशी गोट्या पसरा. नाहीतर हे मासे स्वतःचीच अंडी खातात. मादी सकाळी उजेड पडताच अंडी घालते. दुसऱ्या दिवशी एक अंडे पाण्याच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि घड्याळ लावून हृदयाचे ठोके मोजा.