पैशाचे सोंग संगणकालाही आणता येत नाही

पूर्वी दारात बहुरूपी येई. कधी तो पोलीस होई, कधी साधू, कधी मारुती. वेष बेमालूम साधला की घरातली पोरे क्षणभर फसत. पण त्या पोलिसाने दरडावून वॉरंट काढले तरी त्यापायी कोणी तुरुंगात जात नसे. सोंगाची मर्यादा घेणारा आणि पाहणारा दोघेही जाणून असत. आता संगणक मोबाइलचे सोंग घेऊ लागला आहे आणि त्याची मर्यादा मात्र पुष्कळांस ठाऊक नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मोबाइलवरील ॲप संगणकावर सरळ का चालत नाही? मोबाइलचा प्रोसेसर बहुधा 'आर्म' घराण्याचा, तर घरगुती संगणकाचा बहुधा इंटेल अथवा एएमडी यांच्या 'एक्स-८६' घराण्याचा. दोघांच्या आज्ञांची भाषा निराळी. शिवाय एकावर अँड्रॉइडचे राज्य, दुसऱ्यावर विंडोजचे. एम्युलेटर हा प्रोग्राम संगणकाच्या पोटात एक कल्पित मोबाइल उभा करतो, त्यात अँड्रॉइड चालवतो आणि जे ॲप केवळ 'आर्म'साठी घडलेले असेल त्याच्या आज्ञांचे दुभाष्याप्रमाणे भाषांतर करतो. माउसची टिचकी ॲपला बोटाचा स्पर्श वाटते.

ही युक्ती आजची नव्हे. १९६४ साली आयबीएम कंपनीने 'सिस्टिम/३६०' ही संगणकमाला जाहीर केली. जुन्या '१४०१' यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्राम वाया जाऊ नयेत, म्हणून नव्या यंत्रांना जुन्याचे अनुकरण करण्याची सोय तेव्हाच ठेवलेली होती. जुनी विद्या नव्या घरात नांदावी, हा तिचा मूळ हेतू.

मोबाइलच्या बाबतीत तिची उपयुक्तता आम्हां शिक्षकांना विशेष जाणवते. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा कित्येक घरांतला एकुलता एक मोबाइल वडिलांबरोबर कामावर जाई आणि मुलांचा अभ्यास संध्याकाळपर्यंत खोळंबे. अशा घरात जुना का होईना, संगणक असेल तर तो मोबाइलची जागा काही अंशी भरून काढू शकतो. दृष्टी मंदावलेल्या वडीलधाऱ्यांनाही मोठा पडदा सुखाचा होतो.

मात्र प्रथम एक पाहावे. अनेक सेवा ब्राउझरमधूनही मिळतात. व्हॉट्सॲप २०१५ पासून तसे चालते. शालेय शिक्षणाचे 'दीक्षा'ही संकेतस्थळावर आहे. तेथे एम्युलेटरचा खटाटोप व्यर्थ होय. खरोखरच गरज असेल तर 'ब्लूस्टॅक्स'सारखा प्रोग्राम घ्यावा. ॲप घडवणाऱ्यांसाठी 'अँड्रॉइड स्टुडिओ'मध्ये एम्युलेटर असतोच. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड ॲपची दिलेली सोय मात्र ५ मार्च २०२५ पासून बंद झाली आहे. जुन्या लेखांतील सल्ल्याने तिच्या शोधात वेळ दवडू नये.

सोंगाला साहित्य लागते. एका यंत्रात दोन यंत्रे नांदायची, तर स्मृती म्हणजे रॅम किमान ४ जीबी हवी. ८ असल्यास बरे. प्रोसेसरमधील 'व्हर्च्युअलायझेशन' ही सोयही चालू असावी. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर ती चालू आहे की नाही ते दिसते. ती बंद असेल तर ॲप रखडत चालते, आणि दोष ॲपवर येतो.

आता मुख्य गोष्ट. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. यूपीआयचे ॲप नोंदणी करताना बँकेत नोंदलेल्या सिमवरून संदेश पाठवून खातेदार व मोबाइल यांची गाठ घालते. कल्पित मोबाइलात सिम कोठले? अनेक बँकांची ॲप तर एम्युलेटर ओळखून चालण्यासच नकार देतात. हा नकार पुष्कळांना जाच वाटतो. वस्तुतः तो पहारा आहे. 'हा अडथळा दूर करून देतो, तुमचा संगणक माझ्या ताब्यात द्या', असे कोणी फोनवरून म्हणाल्यास फोन ठेवून द्यावा.

दुसरे असे की, एम्युलेटर पुरवणारा तुमच्या संगणकाच्या माजघरापर्यंत पोहोचतो. २०२१ साली 'ईसेट' या सुरक्षासंस्थेने उघड केले की, 'नॉक्सप्लेयर' या एम्युलेटरच्या अद्ययावतीकरणाच्या वाटेने आशियातील काही मोजक्या वापरकर्त्यांच्या संगणकांत हेरगिरीचे प्रोग्राम शिरवले गेले होते. म्हणून असा प्रोग्राम मूळ निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, त्यात वेगळे गूगल खाते वापरावे आणि ज्या संगणकावर घरातले पैशाचे व्यवहार चालतात त्यावर शक्यतो तो ठेवूच नये.

अभ्यास, वाचन, करमणूक यांसाठी संगणकाने खुशाल मोबाइल व्हावे. मुलांना त्याचा लाभ अवश्य द्यावा. तिजोरीची किल्ली मात्र बहुरूप्याच्या हाती देऊ नये, एवढेच आमचे सांगणे.