टेम्प साफ, डाउनलोड्स तसंच

'पीसी हँग होऊन राहिला भाऊ,' असं म्हणत ऑपरेटर विंडोज आणि आर ही दोन बटणं एकदम दाबतो. कोपऱ्यात उघडलेल्या चौकटीत 'टेम्प' लिहून एंटर. परवानगीची खिडकी आली की न वाचताच होय. जे दिसेल ते सगळं निवडून डिलीट. मग तेच टक्क्याची चिन्हं लावून पुन्हा. मग 'प्रीफेच'. शेवटी डेस्कटॉपवर येऊन चार-दोनदा रिफ्रेश, आणि पुढच्या माणसाला हाक. नागपुरातल्या कुठल्याही सेवा केंद्रात, सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात हा विधी पाहायला मिळतो. कुणी शिकवलं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'सगळेच करतात न.'

मानेवाड्याकडच्या अशा एका केंद्रात प्रवेशाच्या दिवसांत मी हे काम शेजारी बसून पाहिलं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, सातबारा, आधारची प्रिंट. रांग दाराबाहेर, ब्राउजरमध्ये टॅब इतके की नावं वाचता येईनात. मधेच लाइट गेली. इन्व्हर्टर होता, पण एका जुन्या पीसीला त्याचं कनेक्शन नव्हतं. तो पटकन बंद पडला.

टेम्पमधला कचरा तयार होतो तो नेमका अशा वेळी. ब्राउजर एखादं एक्स्टेन्शन अद्ययावत करताना, फाइल उलगडताना स्वतःसाठी तात्पुरतं फोल्डर करतो. काम संपलं की तोच ते काढून टाकतो, घर बांधून झाल्यावर परांची उतरवावी तसं. पण मधेच वीज गेली, ब्राउजर कोसळला किंवा कुणी टास्क मॅनेजरमधून तो जबरदस्तीने बंद केला, तर परांची तशीच राहते. त्या पीसीच्या टेम्पमध्ये 'स्कोप्ड डिर' आणि पुढे लांबलचक आकडे अशा नावांच्या फोल्डरांची रांगच होती. बरीचशी रिकामी. ती काढल्याने काही बिघडत नाही, पण पीसी धावायलाही लागत नाही.

काढतानाही क्रम आहे. आधी सुरू असलेलं काम सेव्ह करून पीसी रीस्टार्ट करावा. काही इन्स्टॉलर आपलं उरलेलं काम रीस्टार्टनंतर पूर्ण करतात आणि त्यासाठी लागणाऱ्या फाइली टेम्पमध्येच ठेवतात. आधी पुसलं तर ते काम अर्धवट राहतं. मग ब्राउजर न उघडता टेम्प रिकामं करावं. 'फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे' असा संदेश आला तर स्किप. ऑपरेटर इथे हटून बसला होता, 'ट्राय अगेन' दाबत राहिला. हट्टाचं कारणच नाही: जी फाइल निघत नाही ती वापरात आहे, म्हणजे ती कचरा नाही. खिडकी बंद केल्यावरही क्रोम मागे चालू राहू शकतो, तशी सोय त्याच्या सेटिंगमध्ये असते. ती बंद केली की अडून बसणाऱ्या फाइली कमी होतात.

प्रीफेच मात्र सोडून द्यावं. प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने केलेल्या त्या नोंदी आहेत. पुसल्या तर विंडोज त्या पुन्हा तयार करतं आणि तोवर प्रोग्रॅम उलट सावकाश उघडतात. आणि रिफ्रेशने काय होतं? डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा काढली जातात, बस्स.

ब्राउजरच्या आतली सफाई वेगळी. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबलं की खिडकी उघडते. कॅश म्हणजे वेबसाइटची साठवलेली चित्रं आणि फाइली. ती निर्धास्त पुसावी. कुकीज पुसल्या की सगळीकडून लॉगआउट होतं, म्हणून अर्धा भरलेला फॉर्म समोर असताना तिकडे जाऊ नये. पासवर्डच्या खुणेकडे दोनदा बघावं. आणि ब्राउजरमध्ये स्वतःचं खातं सिंक केलेलं असेल, तर इथे पुसलेली हिस्ट्री घरच्या मोबाइलवरूनही जाते.

एवढी सफाई झाल्यावर मी त्याला डाउनलोड्सचं फोल्डर उघडायला सांगितलं. तो हसला. 'ते राहू द्या, कामाचं असते.' कामाचंच होतं: कुणाचे आधार, कुणाचे दाखले, गुणपत्रिका, बँक पासबुकांचे फोटो, मागच्या हंगामापासूनचे. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. दोन्ही शेजारच्याच दाखल्यावर छापलेली. माझ्या मते या दुकानांतला खरा कचरा हा आहे. टेम्पने पीसीची थोडी जागा अडते, डाउनलोड्समध्ये मात्र गिऱ्हाईक अडकतं.

आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू प्रादेशिक कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी एक निवेदन काढलं होतं. सायबर कॅफेतल्या संगणकावर ई-आधार डाउनलोड करणं टाळा, केलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असा सल्ला त्यात होता. आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका, या त्यातल्याच दुसऱ्या वाक्यावरून गदारोळ झाला आणि दोन दिवसांत केंद्र सरकारने निवेदन मागे घेतलं. कॅफेबद्दलचं वाक्य त्या गडबडीत विसरलं गेलं. ते आजही तितकंच खरं आहे.

सगळं एका क्लिकवर सोपवण्यातही धोका आहे. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड्सचंही नाव आलं. सवयीने सगळ्या खुणा करून ओके दाबणाऱ्यांच्या हव्या असलेल्या फाइलीही त्यात गेल्या. पुढे ते नाव यादीतून काढण्यात आलं. फुकटच्या क्लीनर प्रोग्रॅमांवरही डोळे झाकून भिस्त नको: २०१७ मध्ये सीक्लीनर या नावाजलेल्या प्रोग्रॅमच्या अधिकृत आवृत्तीतच हॅकरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली होती.

केंद्रचालकांसाठी सोपा मार्ग आहे. गिऱ्हाइकाचं काम क्रोमच्या गेस्ट खिडकीत करावं. ती बंद होताच कुकीज आणि हिस्ट्री आपोआप जाते. डाउनलोड झालेली फाइल तेवढी मागे राहते, ती हातानेच काढायची, आणि रिसायकल बिनमधूनही. तुम्ही गिऱ्हाईक असाल तर प्रिंट हातात आली म्हणून लगेच उठू नका. मेल आणि व्हॉट्सअॅप वेबमधून लॉगआउट करा, आणि 'भाऊ, माझी फाइल माझ्यासमोर डिलीट करा' असं स्पष्ट सांगा. मागे रांग कितीही असो.